उंच ग्लासातलं पाणी

खारूच्या बाबतीत मी जे केलं ते सांगायला बसले की अजूनही माझे कान तापतात. मी तिला मारलं नाही, कोंडलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तसलं काही केलं असतं तर निदान चारचौघांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं आणि विषय संपला असता. मी जे केलं त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

खारू म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. तेव्हा साडेचार वर्षांची होती. काहीही खायला दिलं की दोन्ही हातांत धरून भराभर कुरतडते, म्हणून खारू. दादा-वहिनी आणि मी एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. दोन्ही दारं दिवसभर उघडीच असतात, त्यामुळे ती नक्की कुठल्या घरात वाढली असं विचारलं तर दोन्हीकडचे लोक 'आमच्याच' म्हणतील.

अकरा वर्षं मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसले. पेशंट डॉक्टरांना कमी आणि मला जास्त घाबरतात, असं डॉक्टर स्वतःच सांगायचे. दवाखान्यात रडणारी पोरं माझ्याजवळ आणून बसवली की गप्प व्हायची. ती रमून गप्प होतात की घाबरून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला वाटलं, आपल्याला मुलांचं कळतं. मग चाळिशीच्या तोंडावर मी नोकरी सोडली आणि बालवाडीच्या शिक्षिका तयार करणाऱ्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. दादा हसला. वहिनीनं त्याच दिवशी माझं बारसं केलं.

"या प्रोफेसरीणबाई," ती म्हणाली, "आता आमच्या कार्टीचं काय चुकतं ते तुम्हीच सांगायचं."

आमच्या वर्गाला बालविकास हा विषय शिकवायच्या त्या बाई. बुटक्या, आवाज खणखणीत, आणि हातात कायम शिसपेन्सिल. वर्गाच्या मागेच त्यांची स्वतःची बालवाडी होती. दर वर्षी आमच्यातली एक जण त्या तिथे कामाला घेत. ती एक जण मीच असणार, हे मी पहिल्याच आठवड्यात मनाशी ठरवून टाकलं होतं. एवढंच नव्हे, तर घरीही सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीला एक जाड वही दिली. तिला निरीक्षण वही म्हणायचं. एकच मूल निवडायचं आणि बारा आठवडे आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ बसून ते काय करतं ते टिपायचं.

"डाव्या पानावर जे दिसलं आणि ऐकू आलं तेच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं ते उजव्या पानावर. डाव्या पानावर कुणी 'हट्टी' लिहिलं तर मी खोडणार. हट्ट कुणाला दिसतो का? दिसतं काय? मुलानं पाय आपटला. तीनदा आपटला. तेवढं लिहा."

बाई उगाच नाकाने कांदे सोलतायत, असं मला वाटलं. पाय आपटणारं पोर हट्टी नाही तर काय, हे मला अकरा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

मूल म्हणून मी अर्थातच खारूला निवडलं. वहिनीनं परवानगीच्या कागदावर सही केली आणि खाली आपणहून लिहिलं, "आनंदाने." पहिली चार निरीक्षणं मी खरोखर केली. जमिनीवर मांडी घालून बसले, पाय बधिर होईपर्यंत लिहिलं. खारूनं ठोकळा उचलला, खारूनं ठोकळा ठेवला, खारूनं नाकात बोट घातलं. मला कंटाळा आला. हे सांगायलाही लाज वाटते, पण आला. जिच्यावर माझा जीव आहे असं मी जगाला सांगत फिरायचे, तिच्याकडे मला अर्धा तास नुसतं बघवेना.

पाचव्या आठवड्यात मला सर्दी झाली. सहाव्यात पाहुणे. पाठ्यपुस्तकात साडेचार वर्षांचं मूल काय करतं, काय बोलतं, कुठे चुकतं ते सगळं दिलेलंच होतं. मी त्या मुलाला फक्त खारूचा फ्रॉक घातला. पाचवं निरीक्षण बसमध्ये लिहिलं, सहावं टीव्हीसमोर, आणि मग हात बसला.

आठवं निरीक्षण पाण्याच्या प्रयोगाचं होतं. प्रयोग साधा आहे. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं. मुलाला विचारायचं, दोन्हीकडे सारखं आहे ना? मूल हो म्हणतं. मग त्याच्या देखत एका ग्लासातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता कुठे जास्त? त्या वयाचं मूल बहुतेक वेळा उंच ग्लास दाखवतं, कारण त्याला पाण्याची उंची दिसते. ते चुकत नाही, ते त्याच्या वयाप्रमाणे विचार करतं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. मी डाव्या पानावर अवतरणचिन्हं घालून लिहिलं: "ह्याच्यात जास्त. बघ ना आत्या, पाणी वरपर्यंत चढलं."

पुढच्या तासाला बाईंनी ते पान सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं.

"मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपणं म्हणजे काय, ते ऐका," त्या म्हणाल्या. "'पाणी वरपर्यंत चढलं.' हे वाक्य कुठल्या मोठ्या माणसाला सुचणार आहे?"

मला सुचलं होतं, आंघोळीच्या आधी, पाणी तापेपर्यंत. वर्गातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भीती वाटली, हे खरं. पण छातीही फुगली, हेही तितकंच खरं, आणि त्या दोन्हींतली जास्त कुठली गोष्ट होती ते मला चांगलं ठाऊक आहे.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा होती. आपण निवडलेलं मूल घेऊन जायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर त्याच्याबरोबर दोन प्रयोग करायचे. परीक्षकांच्या हातात आपली निरीक्षण वही असणार. मला एक पाण्याचा आणि एक बटणांचा असे प्रयोग आले. पाण्याचा मी कधी केलाच नव्हता. परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा मनात आलं, निदान एकदा तरी करून बघावा.

दुपारची वेळ होती. खारू आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी स्टुलावर उभी राहिली. मी दोन ग्लास भरले. ती वाकून, डोळा ग्लासाच्या रेषेत आणून बघत म्हणाली, "सारखं आहे." मी एकातलं पाणी उंच ग्लासात ओतलं. "आता सांग, कुठे जास्त?"

"सारखंच."

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. "अगं नीट बघ. हे बघ पाणी कुठे आलंय, आणि हे कुठे आहे."

"सारखंच आहे," खारू म्हणाली. मग माझी कीव केल्यासारखं तोंड करून म्हणाली, "तू नुसतं ओतलंस ना आत्या. सांडलं कुठे?"

वहिनी घरी भांडी घासायचा साबण बनवते. मोठ्या बादलीतून नरसाळं लावून तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्यांत भरते, आणि ते नरसाळं धरायचं काम दोन वर्षं खारूकडे आहे. उंच बाटली, बुटकी बाटली, पोट सुटलेली बाटली, सगळ्यांत तेच माप जातं, हे ती रोज बघत होती. समोरच्या घरात, उघड्या दारातून, मला दिसेल असं. मी बारा निरीक्षणं लिहिली होती आणि नरसाळ्याचा त्यात एका शब्दानं उल्लेख नव्हता.

कुणी खरा अभ्यास करणारं असतं तर नाचलं असतं. साडेचार वर्षांचं मूल पुस्तकाच्या पुढे गेलंय, कारणासकट उत्तर देतंय, यावर तर एक आख्खं उजवं पान भरलं असतं. माझ्या मनात एवढंच आलं की आता वहीचं काय करायचं. आठव्या निरीक्षणावर बाईंची सही होती. ते वर्गात वाचून झालं होतं. परीक्षकांसमोर खारूनं "सांडलं कुठे" म्हटलं तर माझं बिंग फुटणार, मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार आणि बालवाडीची ती जागा कायमची गेली.

बाईंकडे जाऊन खरं सांगता आलं असतं. एक आठवडा होता. मी तो आठवडा खारूला चूक उत्तर शिकवण्यात घालवला.

"आपण एक नाटक करायचं," मी तिला म्हणाले. "एक आजोबा येतील. ते बघतील. मी विचारलं ना, कुठे जास्त, की तू उंच ग्लास दाखवायचा."

"पण सारखं आहे."

"हो गं, पण नाटकात जास्त."

"नाटकात खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. लहान मुलं म्हणतात तसं म्हणायचं."

तिनं विचार केला. "मी लहानच आहे," ती म्हणाली, "आणि मला सारखं दिसतंय."

पहिल्या दिवशी मी हसले. दुसऱ्या दिवशी स्टिकर आणले, बरोबर म्हणजे चूक उत्तराला एक स्टिकर. ती उंच ग्लास दाखवायची, स्टिकर घ्यायची आणि लगेच म्हणायची, "पण खरं सारखंच." ते शेपूट काही केल्या निघेना. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी ग्लास ओट्यावर आपटला, दवाखान्यात वापरायचे तो आवाज काढला आणि म्हणाले, "एकदा सांगितलेलं कळत नाही? मोठं कोण आहे, तू की मी?"

खारू रडली नाही. ती ग्लासाकडे बघत होती, ती माझ्याकडे बघायला लागली. "तू," ती म्हणाली. "मग काय म्हणू?"

"म्हण, ह्याच्यात जास्त. पाणी वरपर्यंत चढलं."

"ह्याच्यात जास्त. पाणी वरपर्यंत चढलं."

शेपूट गळालं. मी तिला तीन स्टिकर दिले आणि कडेवर घेऊन नाचवलं. पाचव्या दिवसापर्यंत तर मी नुसती भुवई वर केली तरी तिला कळायचं. बटणांच्या दोन सारख्या रांगांतली एक लांब पसरायची आणि कुठे जास्त ते विचारायचं, असा दुसरा प्रयोग होता, तोही असाच बसवला. किती हुशार आहे बाई माझी, असं मी तिला म्हणाले. त्या आठवड्यात ते बहुतेक पंचवीसदा म्हणाले असेन.

परीक्षेचे परीक्षक निवृत्तीला आलेले, किडकिडीत गृहस्थ होते. मुलांच्या छोट्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले होते. काही परीक्षक बोलतात, हे लिहिणारे होते. खारूनं निळा फ्रॉक घातला होता आणि दोन्ही हात फ्रॉकच्या खिशांत खुपसून ती उभी होती.

मी पाणी ओतलं. विचारलं, आता कुठे जास्त?

खारू माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्याच्यात जास्त. पाणी वरपर्यंत चढलं." बोट मात्र तिनं दाखवलं नाही, कारण ग्लास नक्की कुठल्या बाजूला आहे हे तिनं पाहिलंच नव्हतं. परीक्षकांनी वही चाळली, आठवं निरीक्षण काढलं, वाचलं आणि मिटलं. बटणांच्या वेळीही तसंच झालं. मग ते मला म्हणाले, "तुम्ही जरा तिच्या मागे उभ्या राहता का?"

मी मागे गेले. त्यांनी उंच ग्लासातलं पाणी पसरट वाडग्यात ओतलं. "आता कसं आहे गं पाणी? जास्त, कमी, की सारखं?"

खारू आख्खी गर्रकन मागे वळली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. वाडग्याचं आम्ही काही बसवलं नव्हतं. मी काही केलं नाही, करूच शकत नव्हते. ती वाट बघत राहिली.

"बरं, ते राहू दे," परीक्षक हळूच म्हणाले. "तुझ्या फ्रॉकला खिसे किती आहेत?"

तिचे दोन्ही हात खिशांत होते. दोन्ही हात खिशांत घालून ती माझ्याकडे बघत होती, खिसे किती ते मी सांगेन म्हणून. आणि मी काय केलं? मी दोन बोटं दाखवली. त्यांच्या देखत.

"दोन," खारू म्हणाली.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. पण धरणी जागची हलली नाही. परीक्षक उठले, गुडघे चोळले, खारूला 'थँक यू' म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

मी पास झाले. नुसती पास नाही, वर्गात दुसरी आले. पहिली आलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी चालली होती, त्यामुळे बाईंनी बालवाडीतल्या जागेसाठी मला विचारलं. मी हो म्हणाले, कसं ते माझं मला माहीत. वही परत मिळाली तेव्हा शेवटच्या डाव्या पानावर परीक्षकांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "मूल उत्तर देण्याआधी वस्तूंकडे पाहत नाही. उमेदवाराकडे पाहते. चार वेळा." उजवं पान कोरं होतं. त्यांना काय वाटलं ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी ती वही कपाटात चादरींच्या खाली ठेवली.

एक-दोन आठवड्यांनी वहिनी साबणाच्या बाटल्यांना झाकणं लावता लावता हसत म्हणाली, "प्रोफेसरीणबाई, तुमच्या भाचीचं नवीन ऐकलंत का? काल मला विचारते, आई, मला झोप आलीय का? सकाळी विचारलं, दूध आवडतंय का मला? ह्याला काय म्हणतात तुमच्या पुस्तकात?"

मला ह्याला काय म्हणतात ते माहीत होतं. "असतं गं ह्या वयात," मी म्हणाले. "मोठ्यांची पसंती शोधतात. आपोआप जातं."

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाली. "तू आहेस म्हणून बरं आहे बाई. नाहीतर मी उगाच काळजी करत बसले असते."

तिचा माझ्यावर विश्वास होता. तो विश्वास मी त्या अभ्यासक्रमातून कमावला होता. ती निश्चिंत होऊन पुढची बाटली भरायला लागली. नरसाळं तिनं स्वतःच धरलं होतं, कारण खारू दारात उभी राहून, धरू की नको, असं विचारत होती.

त्यानंतर पाचेक दिवसांनी खारू बागेतल्या झोक्यावरून पडली. हातावर पडली. वहिनी आणि मी तिला घेऊन दवाखान्यात धावलो. मनगट सुजलं होतं. ती रस्ताभर रडली, पण टेबलावर बसवल्यावर शांत झाली. डॉक्टर तरुण होती, मुलांशी बोलायची सवय असलेली. तिनं कोपराजवळ दाबलं. "इथे दुखतंय का राजा?"

खारूनं माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरनं जरा खाली दाबलं. "इथे?" आणखी खाली, सुजेवर. "आणि इथे?"

खारूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ओठ गच्च मिटलेले. तिनं माझा चेहरा पूर्ण वाचून बघितला, भुवया, तोंड, सगळं, आणि तिला तिथे काही सापडलं नाही. तेव्हा तिनं विचारलं, "आत्या, दुखतंय म्हणू का?"

डॉक्टर हसली. तिला ते गोड वाटलं असावं. वहिनी हसली नाही. ती आधी खारूकडे बघत होती, मग ती माझ्याकडे बघायला लागली.

हाडाला तडा गेला होता. प्लॅस्टर घालून बाहेर आल्यावर खारू बाकावर वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मग वहिनी म्हणाली, "तुलाच का विचारलं तिनं? मी शेजारी होते. मी आई आहे."

तेव्हा मी सांगितलं. सर्दीपासून सांगितलं. बसमध्ये लिहिलेली निरीक्षणं, वर्गात वाचलेलं पान, "सांडलं कुठे", स्टिकर, आपटलेला ग्लास, दोन बोटं. मधे मधे मी, जागेसाठी गं, आणि एवढं होईल असं वाटलं नव्हतं, असंही घालत होते. मला वाटत होतं, वहिनीनं ओरडावं. दवाखान्यातल्या सगळ्या लोकांसमोर माझी खरडपट्टी काढावी. ती खारूच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

"मी तुला विचारलं होतं," शेवटी ती म्हणाली. "झोप आलीय का असं का विचारते, म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, आपोआप जातं."

मी मान खाली घातली. माझ्या वयाची बाई दवाखान्याच्या बाकावर मान खाली घालून बसली होती आणि लोक आमच्याकडे बघत होते. त्यांना बहुतेक वाटलं असेल की मुलीची काळजी वाटतेय.

"मला सांगून काय उपयोग?" वहिनी म्हणाली. "तिला सांग." त्या दिवसानंतर तिनं मला प्रोफेसरीणबाई म्हटलेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले. मला खारूला सांगायला सांगितलं होतं आणि मी बाईंकडे गेले, हेही लिहून ठेवते. सोपं ते आधी केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या, "वही परत लिहायची. बारा आठवडे. आणि तिच्यावर नाही, त्या मुलीला आता सोडा. जागेचं तुम्हाला कळलंच असेल." मला कळलं होतं. घरी येताना मला चक्क हलकं वाटत होतं. जागा गेली, वर्ष गेलं, शिक्षा झाली, फिटलं एकदाचं, असं म्हणत मी जिना चढले. समोरच्या दारात खारू प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून बसलेली दिसली आणि मी हसून आत निघून गेले. असे चार दिवस गेले.

मोठ्या माणसांसमोर चूक कबूल करायला शब्द असतात. माफी, पश्चात्ताप, पुन्हा होणार नाही. साडेचार वर्षांच्या मुलीला त्यातलं काय सांगणार? तिच्या लेखी माझं काही चुकलंच नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की तिला दिसतं ते चूक असतं आणि आत्याला दिसतं ते बरोबर.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. वहिनी आत होती. तिनं मला येताना पाहिलं आणि ती आतच थांबली. खारू पलंगावर पाय हलवत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडापेक्षा खाली येईल. हे आम्हाला शिकवलं होतं, मुलांशी बोलताना त्यांच्यापेक्षा उंच राहू नये.

"खारू," मी म्हणाले, "आपण ते पाण्याचं करायचो ना, ग्लासांचं?"

"हो. नाटक."

"त्यात तू पहिल्यांदा म्हणाली होतीस, सारखंच आहे. आठवतं?"

तिनं पाय हलवायचे थांबवले.

"तेच बरोबर होतं. पाणी सारखंच होतं. तुला बरोबर दिसलं होतं, आणि मी तुला उगाच चूक म्हणायला लावलं. चूक माझी होती. आत्या चुकली. तुला जे दिसतं ना, तेच म्हणायचं. मला काय वाटेल ते बघायचं नाही. कळलं?"

मी जमेल तेवढ्या साध्या शब्दांत बोलले होते. खारू ऐकत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं माझ्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही.

"कळलं," ती म्हणाली. मग जरा पुढे वाकून, आतल्या आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तिनं हळूच विचारलं, "आता सारखंच म्हणायचं का?"

मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. आणि ती माझ्या भुवयांकडे बघत थांबली होती.